अदमास

सुभाषनगरची शाळा, सातवी ब.
प्रांजल सातपुतेच्या वहीत, मधोमध:
'चप्पल करकरती कारन आत इच्चू आसतोय.'
मी तीन ठिकाणी लाल केलं.
करकरती. कारन. आसतोय.
इच्चूभोवती गोल, आणि समासात:
चपलेत विंचू? विचार करून लिही.

दुसऱ्या दिवशी तिनं दप्तरातून पुडी काढली,
पुडीतून बी. काळं, वाकड्या नांगीचं.
हजेरीपटाशेजारी ठेवलं.
'ह्यो इच्चू, बाई.
टाचंला, दोन थरांच्या मधी घालायचा.
तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?'

नव्हतं.

त्या आठवड्यात फळ्यावरचं 'गृहीतक' पुसलं.
पोरं तो शब्द तोंडात धरून बसायची
थर्मामीटरसारखा:
चावायचा नाही, गिळायचा नाही, हलायचं नाही.
विचारलं, करून बघायच्या आधी
मनात जे येतं, त्याला घरी काय म्हणता?
मागच्या बाकावरून सुशांत होळकर म्हणाला,
'अदमास.
कातडं चुन्यात किती दिस ठिवायचं
त्ये बा अदमासानं सांगतोय.'
आणि चुकला तर?
'चुकला तर कातडं जातंय की.'

मी खडू हातात घेऊन नुसती उभी.

मग दोन जोड केले. एकात बी, एकात नाही.
कातडं एकाच ढोराचं, शिवणारा हात एकच.
'नै तो समजेंगा कैसा, कायसे बज्या?'
हे कौसर मोमीन म्हणाली, आणि आम्ही
तिचं वाक्य तसंच, तिच्याच बोलीत, कृतीत घेतलं.
व्हरांड्यात शंभर पावलं.
आठ जण फरशीला कान लावून.
शिपाईमामा झाडू धरून थांबले.

लिहिताना प्रांजल अडली.
'आय म्हंती टाच ओली आसली की बी गप बसतंय.
आय म्हंती, आसं लिवलं तर चालतंय?'
चालतं. नाव लिही.
'आयचं?'
पूर्ण. काय काम करते, कधी सांगितलं.
तिनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं,
आणि पानाच्या तळाला, वादीचे पदर ओढावेत तसं:
उज्ज्वला बाळासो सातपुते, चपलंची वेनी घालनार,
मंगळवारी राती, भाकरी थापताना.

माझ्या एम.ए.च्या निबंधाला चाळीस तळटिपा होत्या.
सगळ्या ग्रंथालयातल्या.

शनिवारी विद्यापीठातला मसांजा आला,
टांझानियाचा, प्रांजलच्या घरचं गिऱ्हाईक,
अकरा नंबरचा पाय.
मोडक्या हिंदीत म्हणाला, आमच्याकडे
घरी एक भाषा, शाळेत दुसरी, परीक्षेला तिसरी.
'म्हंजे आमच्यागतच की!' पोरं हसली.
अदमासाला त्याच्या आईच्या भाषेत काय म्हणतात, विचारलं.
तो बराच वेळ खिडकीकडं बघत राहिला.
मग एक शब्द सांगितला.
मी देवनागरीत दोनदा चुकीचा लिहिला.
कौसरला पहिल्यांदाच बरोबर म्हणता आला.

पुढं शुद्ध प्रतही केली, पोरांनीच.
करकरतीचं करकरते झालं, कारनचं कारण;
आपलं वाक्य दुसऱ्या कपड्यात कसं दिसतंय
ते बघत होती, एकमेकांना दाखवत होती.
इच्चू मात्र कुणी बदलू देईना.
'विंचू चावतोय, बाई. ह्यो वाजतोय.'

केंद्रप्रमुखांनी प्रत उभ्यानंच चाळली.
शेवटच्या पानावर थांबले.
बी नसलेला जोडही वाजला होता.
थोडा. सत्तराव्या पावलानंतर.
खाली लिहिलेलं: आमचा अदमास निम्मा चुकला.

'हे काढा. प्रदर्शनात पाठवायचंय.
चुकला असं लिहू नये.'

प्रांजल माझ्याकडं बघत होती.
मी काही बोलायच्या आधीच म्हणाली,
'पर चुकलाय न्हवं, सर.
आता का वाजला, त्ये बघायचं ऱ्हायलंय.'
आणि प्रत त्यांच्या हातातून
अदबीनं, दोन्ही हातांनी, परत घेतली.